अधरपुरीची फलश्रुती

लाल रुमाल, पिवळी किनार. हा धूत नाहीत, नुसता झटकतात.

हवेत तरंगणाऱ्या शहराला पिण्याचं पाणी कुठून येतं, हे चारशे बारा पानांत कुठेही सांगितलेलं नाही.

राजनंदिनी, वय अकरा. पाव भागिले अर्धा म्हणजे अर्धा, हे तिला कळतं.

जखिणीला पायऱ्या मोजल्याशिवाय विहिरीतून वर येता येत नाही. म्हणून एक पायरी तुटकी ठेवायची. तिथं ती चुकते आणि पहिल्यापासून मोजायला लागते.

ध्यान करताना नाकावर माशी बसली तर माशीचंच ध्यान करावं, असं एका पातळ पुस्तिकेत वाचलं. माशी उठून गेली. मी बसलेलीच.

"भंगार, प्लास्टिक, जुनी बॅटरी, रद्दी."

ओढ्याच्या अलीकडे आमची शीव, पलीकडे उमापूरची. ओढा वर्षातले आठ महिने कोरडा असतो.

*

हे सगळं एका घरातलं आहे. घर वस्तीवर, पाच खोल्या, पुढे पत्र्याची पडवी. मी या घरची सून. डी.एड. झालेली. नोकरीसाठीची पात्रता परीक्षा बीडला होती, त्या दिवशी घरी सतरा पाहुणे होते. पुढच्या वर्षी अर्ज भरायचा राहिला. त्याच्या पुढच्या वर्षी मी विचारलंच नाही.

राजनंदिनी पहिलीत होती तेव्हा रोग आला आणि शाळा बंद झाल्या. मी तिला पडवीत बसवून शिकवायला लागले. पुढे सगळ्यांच्या शाळा उघडल्या. आमची बंदच राहिली.

"घरात डीएड सून हाय," सासरे म्हणाले. त्यांचं नाव राधाकिशन. ते वस्तीवरच्या दूध संकलन केंद्राचे अध्यक्ष आहेत आणि घरातही अध्यक्षासारखंच बोलतात. "मग पोरगी शाळेत कावून धाडायची? मास्तरला येतं तेवढं हिला येत न्हाई का?"

माझं कौतुक झालं होतं. मी खाली मान घालून हसलेसुद्धा. नवरा, गहिनीनाथ, रस्त्याच्या कामावर जेसीबी चालवतो, पंधरा दिवसांनी घरी येतो. तो फोनवर म्हणाला, आबा म्हणतात तर बरोबरच असंल.

दर उन्हाळ्यात उमापूरच्या शाळेतले अजिनाथ गुरुजी मोटरसायकलवर येतात. शाळेत न जाणाऱ्या मुलांची नोंद करायचं काम त्यांच्याकडे आहे. तक्ता असा:

मुलीचे नाव: राजनंदिनी गहिनीनाथ
शाळेत न येण्याचे कारण: स्थलांतर / आजार / भावंडे सांभाळणे / इतर
इतर असल्यास:

पहिल्या वर्षी त्यांनी लिहिलं, घरी शिकते. दुसऱ्या वर्षी, आई शिकलेली आहे. तिसऱ्या वर्षी त्यांनी बराच वेळ पेन धरून ठेवला आणि लिहिलं, पोथी चालू आहे.

पोथीचं सांगायला पाहिजे.

*

पुस्तकं पाशाभाई आणतात. ते गेवराईचे भंगारवाले, तीनचाकी गाडीवर भोंगा लावून फिरतात. मी फुटक्या बादल्या, पंपाची जळालेली वायर, दुधाच्या पिशव्या साठवते. ते वजन करतात आणि म्हणतात, "बाई, भांडं घेता का किताब?"

"किताब."

"कपाट हुईल तुमचं एक दिवस. घ्या. ही लई जाडी हाय, कव्हर न्हाई, नाव न्हाई. कुणी फाडलं, अल्ला जाने. पण आतली पानं सगळी हायत, म्या बघितलं."

घरात विचारलं तर उत्तर ठरलेलं: राजीच्या अभ्यासाला. त्यामुळे कोणी काही म्हणत नाही. पुस्तकाला खाकी कागद, त्यावर चिठ्ठी: नाव, इयत्ता, विषय. मौनाचे प्रकार सांगणाऱ्या पुस्तिकेवर 'नागरिकशास्त्र' लिहिलं होतं. भुताखेतांच्या लोककथांवर 'परिसर अभ्यास'. 

पण पुस्तक आणणं वेगळं आणि वाचणं वेगळं. या घरात बाई पुस्तक घेऊन बसली की ती नुसती बसलेली असते. मग दळण आठवतं, वासरू सुटतं, कुणाला पाणी लागतं. एका पानावर मी चार वेळा उठले आहे. चार वेळा तेच वाक्य पहिल्यापासून, त्या जखिणीसारखं.

फक्त एका वाचनाला कोणी हाक मारत नाही. पोथी. घरची पोथी लाल रुमालात बांधून भिंतीतल्या देवळीत ठेवलेली असते. तिचे नियम असे: अध्याय सुरू झाला की संपेपर्यंत उठायचं नाही. वाचणारीशी कोणी बोलायचं नाही. तिच्या पुढून जायचं नाही. अध्यक्षसुद्धा पडवीतून वळसा घालून मागच्या दाराने जातात.

पहिल्या श्रावणात मी ती पोथी तीनदा वाचली. भक्तीने वाचली, खोटं नाही. सकाळचा तो तास एवढा शांत होता की मला वाटलं, देव म्हणजे हाच असेल: जिथे कोणी हाक मारत नाही. मग मी ध्यानाच्या पुस्तिका रुमालात ठेवून वाचल्या. मग लोककथा. मग पाशाभाईंचं ते जाड, बिनकव्हरचं, चारशे बारा पानांचं पुस्तक, ज्यात एक शहर हवेत तरंगतं आणि त्यातल्या मुलीला खाली उतरायची वाट सापडत नाही.

मी सतराव्या पानावर होते तेव्हा सासूबाई येऊन शेजारी बसल्या.

त्यांचं नाव सत्यभामा. हात कोपरापर्यंत पिठाचे. म्हणाल्या, "मनातल्या मनात काय वाचती? मोठ्यानं वाच. मला कुठं अक्षर कळतंय. मी बी ऐकते."

पोथी ऐकायला आलेल्याला अडवता येत नाही. मी तोंड उघडलं. पुस्तक गद्यात होतं आणि पोथीला चाल लागते, त्यामुळे वाक्यं डोळ्यांनी वाचायची आणि तोंडाने मोडून ओवीत बसवायची, एवढंच हातात राहिलं.

अधरपुरी नामे नगरी । ना पायथा ना पायरी ।
वाऱ्यावरी तिची ओसरी । उतरता ये ना कोणाला ॥

"लई गोड हाय," सासूबाई म्हणाल्या. "ही कोणती पोथी?"

"अधरपुरीची."

"किती अध्याय?"

"मोठी आहे."

"असू दे. आपल्याला कुठं जायचंय?"

दुसऱ्या दिवशी त्या हात धुऊन, आधीच बसल्या होत्या. पाट माझ्या उजव्या हाताला, अगदी चिकटून. राजी माझ्या मागे. त्या दिवसापासून रोज अकरा वाजता.

*

आता नियम. हा मी केला.

वर्षभराने पाटोद्याची नणंद आली. तिला जुळी झाली होती. ती राजीच्या केसांवरून हात फिरवत म्हणाली, "हिला माझ्याकडं द्या की. शाळा तिथं बी हाय. लेकरांपाशी बसंल जरा."

"बसंल की," सासरे म्हणाले. "घरचंच हाय."

राजी आठ वर्षांची होती. जुळ्यांपाशी जरा बसणं म्हणजे काय ते मला माहीत होतं. मी माझ्या चुलतीकडे तशीच पाच वर्षं जरा बसले होते. नेण्याचा दिवस ठरला, तिची पिशवीसुद्धा भरली. गहिनीनाथला फोन लावला. म्हणाला, आबांना विचार.

निघायच्या दिवशी सकाळी मी पोथीला बसले. नणंदही ऐकायला बसली. सासरे दारात उभे, हात जोडून. पुस्तकात त्या पानावर मुलगी ढगातल्या चावीवाल्याला भेटते. मी त्या ओळींवर बोट ठेवलं आणि दुसरंच वाचलं.

कुमारी करी जी श्रवण । तिने न लंघावी शीव जाण ।
ग्रंथ होईतो संपूर्ण । वचन हे मोडू नये ॥

आवाज कापला नाही, याचं मला अजून आश्चर्य वाटतं.

सासूबाईंनी आपला हात राजीच्या मांडीवर ठेवला. "पोथीत लिवलंय," त्या म्हणाल्या.

"असं असतंय व्हय?" सासरे म्हणाले.

"असतंय. हिनं पैल्या दिसापसून ऐकली. आता कशी धाडता?"

नणंद संध्याकाळच्या गाडीने एकटीच गेली. त्या दिवशी मी भाकरी थापताना एकटीच हसत होते. मी माझ्या मुलीभोवती चार ओळींचं कुंपण घातलं होतं आणि ते कुणालाच तोडता येणार नव्हतं.

*

राजी वाढली. ओढ्याच्या काठावर उभी राहून ती उमापूरला सायकलवर जाणाऱ्या मुली बघायला लागली. निळा कुर्ता, पांढरी ओढणी. त्यातली एक रोज चेन पडली म्हणून उतरायची, आणि तेवढ्यात राजी तिच्याशी बोलून घ्यायची. ओढ्याच्या अलीकडून, पलीकडे.

या उन्हाळ्यात गुरुजी आले तेव्हा ती स्वतःच पाणी घेऊन गेली.

"सर, मला बसवा ना शाळेत."

"बसवतो की," गुरुजी म्हणाले. "वयाप्रमाणे थेट सहावीत. कायदाच आहे तसा. आधारकार्ड द्या आणि सोळा जूनला या."

"पोथी संपलेली न्हाई," सासूबाई आतून म्हणाल्या. "शीव कशी वलांडल?"

गुरुजी माझ्याकडे बघत राहिले. तेही डी.एड. आहेत. मी चहाचा कप उचलला आणि आत गेले.

दुपारी गणिताच्या तासाला राजीने वही उघडली नाही.

"आई, ती ओवी तूच केलीस ना?"

"हो."

"मग खोड."

"पोथीत खोडत नाहीत."

"ती पोथी नाहीये. ते पाशाकाकांचं पुस्तक आहे." तिने दाराकडे बघितलं, आवाज खाली आणला. "आणि ते तर कधीच संपलंय. दिवाळीपासून तू रोज शेवटचंच पान उघडतीस. मी मागंच बसते. मला दिसतं."

मला वाटलं होतं की तिला दिसत नसेल. का वाटलं होतं?

खरं होतं ते. दिवाळीत शहर खाली उतरलं, मुलीचे पाय मातीला लागले, पुस्तक संपलं. मी संपलं म्हटलं असतं तर उद्यापन झालं असतं: पाच सवाष्णी जेवल्या असत्या, रुमाल देवळीत गेला असता. अकरा वाजता मला कोणीही हाक मारू शकलं असतं. म्हणून दुसऱ्या दिवशी मी ते शहर पुन्हा वर उचललं. तिसऱ्या दिवशी लोककथांमधली जखीण त्यात सोडली. मग मौन पाळणारे तीन साधू. मग तोंडातून निघेल ते. सात महिने. राजी मागे बसून ओढ्यापलीकडच्या मुली मोजत होती आणि मी अध्यायावर अध्याय रचत होते.

"तुला मी शाळेत गेलेलं नकोय," राजी म्हणाली.

"असं नाही."

"मग कसं?"

तिने वही उघडली आणि भागाकार करायला लागली. मी सांगितला नव्हता तो.

*

संपवणं सोपं नव्हतं. ग्रंथ नुसता संपला तर नियम सुटतो, पण सासरे सुटत नाहीत. त्यांनी अजून "घरात डीएड सून हाय" हेच धरलं होतं. पोथी शीव ओलांडू देईल. पण शाळेत पाठवायचं की नाही, हे सासरेच ठरवणार होते. मला एवढंच येत होतं: त्यांनी जे एकदा मानलं, तेच पुन्हा वापरणं.

प्रत्येक पोथीच्या शेवटी फलश्रुती असते. ही पोथी वाचली-ऐकली की कोणाला काय मिळेल याची यादी. निर्धनाला धन, रोग्याला आरोग्य, निपुत्रिकाला संतान. लोक बाकीचे अध्याय विसरतात. फलश्रुती विसरत नाहीत.

आठ दिवस दुपारच्या तासाला मी राजीच्या रफ वहीत ती लिहिली. राजी शेजारी बसून अंगणाचं क्षेत्रफळ काढत होती. आम्ही एकमेकींशी कामापुरतं बोलत होतो. एकदा तिने माझ्या वहीत डोकावलं आणि म्हणाली, "दप्तर म्हण ना."

"पोथीत दप्तर नसतं. पाटी चालेल."

"पाटी कोण नेतं आता?"

"ओवीत नेतात."

ती हसली नाही, पण वही तिने जवळ ओढली.

समाप्तीला वस्तीवरच्या बायका आल्या. सासरे टोपी घालून पुढे बसले. मी गुरुजींना निरोप धाडला होता, तेही अर्जाचा कागद खिशात घालून मागे टेकले. सासूबाई माझ्या उजव्या हाताला, नेहमीच्या जागी. मी शहर खाली उतरवलं, या वेळी कायमचं. जखिणीला पायरी बांधून दिली. साधूंना बोलतं केलं. पुस्तकाचं शेवटचं पान उघडं होतं आणि त्यावर रफ वहीची दोन पानं घडी करून ठेवली होती. धन, आरोग्य, संतान, पाऊस. मग:

जी कन्या ऐकेल सादर । तिने लंघावा ओहोळ सत्वर ।
पाटी घेऊनि पाठीवर । सूर्योदयी निघावे ॥

विद्यामंदिरी बैसेल । तरी ग्रंथ हा फळेल ।
जो तियेसी अडवील । श्रवण त्याचे निष्फळ ॥

एका म्हातारीने हात जोडले.

"पोथीत पाटी बी हाय?" सासरे म्हणाले.

पानावर घामाचा थेंब पडला आणि शाई पसरली.

"शीव वलांडू नका लिवलं तवा तुमी न्हाई विचारलं," सासूबाई म्हणाल्या. "तवा मानलं. आता बी माना."

"तसं न्हाई..."

"तीन वर्सं ऐकलंय म्या. निष्फळ करता का?"

सासऱ्यांनी टोपी काढली, आत बघितली, पुन्हा घातली. मागे गुरुजींनी खिशातून कागद काढला. "सही इथं," ते म्हणाले. राजी पेन घेऊन आधीच उभी होती.

मी डोळे मिटले. माझं काम झालं होतं. रुमालाची गाठ मारायला हात पुढे केला तर सासूबाईंनी त्यावर तळवा ठेवला.

"ऐकणारीचं झालं," त्या म्हणाल्या. "वाचणारीला काय फळ?"

मी घडी केलेली पानं उलटून बघितली. खरंच बघितली, जणू कोणी दुसऱ्यानेच लिहिली असावीत. धन, आरोग्य, संतान, पाऊस, कन्या. वाचणारीबद्दल एक ओळ नव्हती. आठ दिवस वही माझ्या हातात होती. मी वाचणारीला गेवराईला पाठवू शकले असते, बीडला, परीक्षेला, कुठेही. सासऱ्यांनी तेही मानलं असतं. ते त्या क्षणी काहीही मानत होते. मला ती आठवलीच नाही.

"लिहिलेलं नाही," मी म्हणाले.

"न्हाई लिवलं?"

"नाही."

त्यांनी रुमालाच्या चारी टोकांची गाठ स्वतः बांधली. घट्ट, दोन वेढे. "मग वाचणारी बसली हितंच," त्या म्हणाल्या. "सोमवारपासून परत. पैल्यापासून."

*

सोळा जूनला राजी सूर्योदयाच्या बऱ्याच आधी तयार होती. ओढ्यात टाचेएवढं पाणी होतं. चपला हातात घेऊन ती पलीकडे गेली, चेन पडणाऱ्या सायकलच्या मागे बसली आणि वळणावर एकदा मागे बघितलं. मी हात केला. मी आमच्या काठावर होते.

घरी आले. पडवीत फळा होता, त्यावर तिने काढलेलं अंगणाचं क्षेत्रफळ. आता घरात शिकणारं कोणी नव्हतं, म्हणजे अभ्यासाच्या नावाने पुस्तक आणायचं कारणही राहिलं नव्हतं. दहा वाजता भोंगा ऐकू आला. भंगार, प्लास्टिक, जुनी बॅटरी. मी चुलीपुढून उठले नाही.

सासूबाई उठल्या. दारातून त्यांचा आवाज आला.

"पाशा, पुस्तकं हायत का?"

"हायत की, आज्जी. पण राजी बेटी तर शाळेत गेली म्हणं."

"तू दाव."

मी दाराआडून बघितलं. त्या गाडीपाशी उभ्या राहून ढिगारा चाळत होत्या. मोटार वायंडिंगचं पुस्तक त्यांनी बाजूला टाकलं. स्पर्धा परीक्षेचं टाकलं. एक जाडजूड उचललं, मधलं पान उघडलं, बराच वेळ तसंच धरलं, आणि काखेत मारलं. घरातली पितळी कळशी, जिला मी कधी हात लावला नसता, ती त्यांनी पाशाभाईंच्या काट्यावर ठेवली.

अकरा वाजता पाट मांडलेले होते. त्यांचा उजवीकडे, माझ्या खांद्याला खांदा लागेल एवढा जवळ. मागची जागा रिकामी. मी बसले. रुमाल सोडला. सासरे पडवीतून वळसा घालून मागच्या दाराने गेले. मी पहिलं पान उघडलं, तोंड उघडलं, आणि पानाच्या शेवटच्या ओळीशी येऊन श्वास घ्यायला थांबले. सासूबाईंनी हात लांब करून पान उलटलं.

सत्यभामाबाई लग्नाआधी माहेरच्या शाळेतून चौथी पास झाल्या होत्या.